जुन्या गाडीचं बीडिंग आणि शंभर ग्रॅम सिलिकॉन ग्रीस

जुन्या गाडीच्या रबरांसाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर शुद्ध सिलिकॉन ग्रीसची शंभर ग्रॅमची ट्यूब घ्या. दाराचं बीडिंग (चौकटीभोवतीची रबरी पट्टी), डिकीचं रबर, बॉनेटखालची पट्टी या सगळ्यांवर ते चालतं. पावसात धुऊन जात नाही, उन्हात पातळ होऊन रंगावर ओघळत नाही आणि रबर फुगवत नाही. मात्र कडक झालेलं रबर त्याने मऊ होईल किंवा चपटं झालेलं पुन्हा वर येईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. असलेलं रबर टिकवणं एवढंच ग्रीसचं काम आहे. गेलेलं रबर बदलावंच लागतं. नेमका कोणता तुकडा गेला आहे हे ओळखता आलं की निम्मा खर्च वाचतो, म्हणून ग्रीसइतकंच त्याबद्दलही इथे लिहिलं आहे.

हे सगळं मारुती 800, झेन, एस्टीम, ओम्नी, जिप्सी, पद्मिनी, अँबॅसेडर अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून आहे. मारुती 800 चं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, अँबॅसेडरचंही त्याच वर्षी. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी यायची बंद होऊन तर वीसहून अधिक वर्षं झाली. कंपनीचं रबर मिळालंच तर ते कुणाच्या तरी फडताळात पडून राहिलेलं असतं. त्यामुळे अंगावर आहे ते रबर जपणं हाच स्वस्तातला मार्ग.

रबर मरतं कसं

नव्वदच्या दशकापासूनच्या बहुतेक गाड्यांत दाराचं रबर ईपीडीएम या कृत्रिम रबराचं असतं. ऊन, हवेतला ओझोन आणि पाणी त्याला सहसा बाधत नाहीत. त्याचं वैर आहे ते खनिज तेलाशी. पेट्रोल, रॉकेल, थिनर, पेट्रोलियम जेली, इंजिन ऑइल, साधं पिवळं चासी ग्रीस, यांतलं काहीही लागलं की ईपीडीएम फुगतं, ढिलं पडतं आणि सुरकुततं. जुन्या घडणीच्या गाड्यांत नैसर्गिक रबर किंवा एसबीआर, निओप्रीन ही कृत्रिम रबरं चालत. त्यांतल्या नैसर्गिक रबराला आणि एसबीआरला ओझोन खातो. रबर जिथे ताणलेलं असतं तिथेच, म्हणजे कोपऱ्यावरच्या वळणात, ताणाच्या आडव्या दिशेने बारीक चिरा पडतात. चिरा फक्त कोपऱ्यातच असतील आणि सरळ भाग ठीक असेल, तर बसवताना रबर ताणून बसवलं होतं असं खुशाल समजा.

दुसरं दुखणं दाबाचं. दार बंद असतं तेव्हा बीडिंगची पोकळ नळी दाबलेली राहते. वर्षानुवर्षं, त्यातही चंद्रपूर-नागपूरकडच्या उन्हात, ती त्याच आकारात बसून जाते आणि दार उघडलं तरी वर येत नाही. यावर कुठलंही द्रव्य चालत नाही. ग्रीस नाही, ग्लिसरीन नाही, शंभर रुपयांचा स्प्रे नाही की हजाराची बाटली नाही.

तिसरं, आणि टाळता येण्यासारखं: गरम झालेलं रबर रंगाला चिकटतं. दुपारी उन्हात उभी असलेली गाडी उघडताना 'च्यर्र' असा आवाज येतो ना, तो रबराची पातळ ओठासारखी कड रंगावरून सोलून निघाल्याचा. अशा शंभर वेळा झाल्या की कड फाटते. सिलिकॉन ग्रीसचा खरा फायदा इथे दिसतो.

खरेदीआधी तपासणी

पाणी आत येतंय म्हणून बीडिंग बदललं आणि पाणी येतच राहिलं, हे गॅरेजमध्ये नेहमीचं. म्हणून आधी तीन गोष्टी करून बघा. कुठलीच महाग नाही.

वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. अडखळत, जोर लावून निघाली तर दाब ठीक आहे. अलगद निघून आली तर त्या जागी रबर टेकतच नाही. दर वीतभर अंतरावर हे करत चौकटीभोवती फिरा आणि सैल जागांवर मास्किंग टेपची खूण करा. मग फळ्यावरचा खडू रबराच्या कडेवर घासून दार एकदाच लावून उघडा. पत्र्यावर उमटलेली रेघ सलग हवी. ती तुटली असेल तिथे फट आहे. एका ठिकाणी रेघ जाड आणि समोरच्या कोपऱ्यात गायब असेल, तर दोष रबरात नाही. बिजागरी झिजून दार खाली बसलं आहे. दार उघडून मागची कड हाताने उचलून बघा. खेळ जाणवला तर आधी बिजागरीच्या पिना, नंतर रबर.

तिसरी तपासणी पाण्याची. पाइपला नोजल नको, धार हलकी ठेवा. एकजण आत टॉर्च घेऊन बसतो आणि बाहेरचा खालून सुरुवात करतो. आधी उंबरठा, मग दाराचा मधला भाग, मग काचेची खालची कड, शेवटी छताची पन्हाळ. प्रत्येक जागी चार-पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडे जातं आणि काहीच कळत नाही. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन बीडिंगवर मारून बघू नका. तो दाब चांगल्या रबरालाही उचलतो.

आता दाराच्या आतलं बघू. खिडकीच्या काचेवरून पाणी दाराच्या पोटात जाणारच, ते गाडीच्या रचनेतच धरलेलं असतं. दाराच्या खालच्या कडेला असलेल्या भोकांमधून ते बाहेर पडायला हवं. ही भोकं माती, पानं आणि अंडरकोटिंगने (तळाला मारलेल्या गंजरोधक थराने) बुजतात. दार हलवल्यावर आत पाणी डचमळल्यासारखा आवाज आला तर निदान झालंच. प्लास्टिकचा केबल टाय भोकात घालून आत-बाहेर फिरवा. लोखंडी सळई नको, ती आतला रंग खरवडते आणि गंज सुरू होतो. आतल्या पॅनलमागे पत्र्यावर एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना किंवा काच वर-खाली करणारी मशीन बदलताना तो हमखास फाडला जातो, कधी काढून फेकूनच दिला जातो. मग दारातलं पाणी पॅनलवरून थेट कार्पेटवर येतं आणि आळ येतो बीडिंगवर. जाड पॉलिथिनचा तुकडा कापून ब्यूटाइल टेपने (न वाळणाऱ्या चिकट रबरी टेपने) पुन्हा चिकटवा. कागदाची खालची कड मात्र दाराच्या पोटात गेली पाहिजे, पत्र्याच्या बाहेर लोंबली तर सगळं केलेलं फुकट.

ग्रीस घेताना काय बघायचं

सिलिकॉन ग्रीस म्हणजे सिलिकॉन तेल आणि त्याला घट्टपणा देणारी सिलिकाची बारीक भुकटी. दिसायला ते अर्धपारदर्शक, दुधाळ काचेसारखं असतं. वास जवळपास नसतोच. बोटांत चोळलं तर गुळगुळीत लागतं आणि साध्या पाण्याने निघत नाही. घट्ट पांढरं असेल, रॉकेलसारखा वास येत असेल किंवा लेबलवर लिथियम, मिनरल ऑइल, पेट्रोलियम असे शब्द असतील तर परत ठेवा, मग डब्यावर 'सिलिकॉन' कितीही मोठ्या अक्षरांत छापलेलं असो.

ठाम नावं हवी असतील तर दोन. एक मॉलिकोट 111. हे कारखान्यांत व्हॉल्व्ह आणि ओ-रिंगसाठी (गळती रोखणाऱ्या रबरी कड्यांसाठी) वापरतात आणि उणे 40 ते साधारण 200 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, म्हणजे गाडीच्या दारासाठी गरजेपेक्षा पुष्कळच जास्त. दुसरं शिन-एत्सू या जपानी कंपनीचं ग्रीस, जे होंडा आपल्या नावाने 08798-9013 या पार्ट नंबरने विकते. ते दाराच्या रबरासाठीच असल्यामुळे किंचित मऊ आहे आणि पसरायला सोपं जातं. दोन्ही स्वस्त नाहीत. स्वस्तात काम भागवायचं असेल तर पाण्याच्या फिल्टरच्या हाउसिंगमधल्या ओ-रिंगला लावतात ते फूडग्रेड सिलिकॉन ग्रीस घ्या. घटक तेच. मात्र त्याच्या डब्या छोट्या असतात, चार दारांना एकाहून जास्त लागतील.

किती लागतं? एका दाराचं बीडिंग साधारण साडेतीन ते चार मीटर भरतं. त्यावर न दिसेल इतका पातळ थर द्यायला दीड-दोन ग्रॅम पुरतात, म्हणजे हरभऱ्याएवढे सात-आठ ठिपके. चार दारं आणि डिकी मिळून दहा ग्रॅम धरा. शंभर ग्रॅमची ट्यूब अशी दहा वेळा जाते, वर्षाला दोनदा लावलं तर पाच वर्षं. महाग वाटणारी ट्यूब म्हणूनच महाग पडत नाही.

बाकीच्या वस्तूंबद्दल

सिलिकॉन स्प्रे. ग्रीसचाच पातळ भाऊ, पण कॅनमधला बराचसा भाग उडून जाणारं द्रावक आणि वायू असतो, मागे उरणारा थर अगदी पातळ. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मारावा लागतो. त्याची खरी जागा खिडकीच्या चॅनेलमध्ये आहे. काच वर-खाली सरकते त्या चॅनेलला आतून मखमलीसारखं अस्तर असतं. तिथे ग्रीस कधीही लावू नका. ग्रीस धूळ धरतं, धुळीची काचकागदासारखी लगदी होते आणि काचेवर उभे ओरखडे उमटतात. शिवाय काच जड होते आणि काचेच्या मशीनच्या वायरवर ताण येतो. चॅनेलसाठी आधी ओलसर कापड पातळ प्लास्टिकच्या पट्टीला गुंडाळून आतली माती काढा, पूर्ण वाळू द्या आणि मग कॅनच्या नळीने एकेका बाजूला एकच फवारा. काच पाच-सहा वेळा वर-खाली करा, बाहेर आलेलं पुसा.

ग्लिसरीन. औषधाच्या दुकानातली छोटी बाटली, एका नाश्त्याच्या पैशांत येते. रबराला इजा नाही, कड चिकटण्याचं थांबतं. पण ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे पहिल्या मोठ्या सरीत निघून जातं, आणि कोरड्या दिवसांत धूळ ओढतं. मार्च ते मे या महिन्यांत, निम्मं पाणी मिसळून, आठवड्या-दोन आठवड्यांनी फडक्याने फिरवणार असाल तर चांगलं. कोकणातल्या जुलैत उपयोग शून्य.

303 नावाचं पाण्यावर आधारित प्रोटेक्टंट उन्हापासून बचावासाठी आहे आणि त्या कामात चांगलं आहे. पुढच्या काचेभोवतीचं रबर, वायपरखालची पट्टी, म्हणजे सतत उन्हात असलेल्या भागांवर ते वापरा. कंपनीच तीन ते पाच आठवड्यांनी पुन्हा लावायला सांगते, तेव्हा एकदा लावून वर्षभर विसरण्यासारखी ही वस्तू नव्हे. दाराच्या आतल्या बीडिंगवर ऊन पडतच नाही, तिथे ते वाया घालवू नका.

गुमी फ्लेगे ही जर्मन बाटली, 100 मिलीची, तोंडाशी स्पंज असलेली. लावायला इतकं सोपं दुसरं काही नाही, हातही खराब होत नाहीत. रबर स्वच्छ, मॅट काळं दिसतं. आयात केलेली असल्याने किंमत मात्र चढी आणि परिणाम ग्रीसइतका टिकत नाही. गाडी प्रदर्शनात किंवा रॅलीत उभी करायची असेल तर घ्या. रोज पावसात चालवायची असेल तर तेवढ्या पैशांत ग्रीसच बरं.

चकचकीत टायर पॉलिश. यात दोन जाती. दुधासारखं पांढरं, पाण्यावर आधारित पॉलिश चालवून घेता येतं. रॉकेलच्या वासाचं, तेलकट, लावताच आरशासारखं चमकणारं पॉलिश रबरावर नको. बहुतेक वॉशिंग सेंटरवर दुसरंच लावतात आणि न विचारता दाराच्या रबरावरही हात फिरवतात. गाडी धुवायला देताना 'रबराला पॉलिश नको' असं स्पष्ट सांगा.

गंज सोडवणारे स्प्रे, खोबरेल, व्हॅसलीन. पहिल्यात खनिज द्रावकं असतात, ती नटबोल्टसाठी. खोबरेलाने रबर दोन दिवस काळंभोर दिसतं, मग धुळीची पुटं बसतात, मुंग्या येतात आणि थंडीत ते थिजतं. व्हॅसलीन म्हणजे पेट्रोलियम जेलीच, तिच्याने ईपीडीएम फुगतं. तिन्ही नकोत.

लावण्याची रीत

ग्रीस मळावर लावलं तर मळच जपला जातो. अर्धी बादली पाण्यात चमचाभर कार शाम्पू घाला. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण नको, त्याचा क्षार रबरावर पांढरा राहतो. मऊ दातघासणीच्या ब्रशने बीडिंगच्या कडा आणि त्याखालची घळ घासा. सगळ्यांत जास्त माती उंबरठ्यावर आणि बिजागरीच्या बाजूला असते. साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्या. आधीच्या पॉलिशचा चिकटपणा राहिला असेल तर सुती फडक्यावर 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकच हात फिरवा. फडकं काळं होईल, थोडं होणारच. पण रबर बोटांवर डांबरासारखं उतरत असेल तर ते आतून विरघळायला लागलं आहे आणि बदलण्याखेरीज इलाज नाही.

सावलीत तासभर दारं उघडी ठेवून वाळवा. बॅटरी उतरू नये म्हणून छताचा दिवा बंद करायला विसरू नका. मग ग्रीसचा ठिपका बोटावर घ्या, हातमोजा असेल तर उत्तम, आणि वीतभर लांबीवर चोळत जा. चोळल्यानंतर रबर किंचित ओलसर काळं दिसावं, पांढरी रेघ दिसता कामा नये. दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून टाका. ही पायरी गाळली की पँटला आणि साडीच्या काठाला डाग पडतात, आणि सिलिकॉनचा डाग सहजी निघत नाही. समोरच्या पत्र्यावर, जिथे रबर टेकतं, तिथेही पुसलेलं फडकं एकदा फिरवा.

तेच फडकं काचेला, वायपरला, स्टिअरिंगला किंवा पेडलला लागू देऊ नका. काचेवर पावसात चरबट पट्टे उठतात आणि पेडल घसरडा होतो. आणखी एक महत्त्वाचं: गाडी रंगवायला टाकणार असाल तर त्याआधी कुठेच सिलिकॉन लावू नका. पत्र्यावर त्याचा अंश जरी राहिला तरी नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, रंगारी त्याला फिशआय म्हणतात. लावलेलं असेल तर रंगाऱ्याला आधी सांगा.

वेळ म्हणाल तर पहिला हात मेच्या शेवटी, दुसरा दिवाळीच्या आसपास. रत्नागिरी, वेंगुर्ला, गोवा अशा खाऱ्या हवेत मध्ये ऑगस्टमध्ये एकदा नुसतं धुऊन-पुसून घ्या.

फाटलं, निसटलं, चपटं झालं

बीडिंग पत्र्यावर बसतं दोन तऱ्हांनी. एकात आतल्या बाजूला लोखंडी पट्टीचा कणा असतो आणि ते पत्र्याच्या उभ्या कडेवर दाबून बसतं. याला चिकटवण्याची गरज नाही. निसटत असेल तर कण्याची पकड ढिली झाली आहे. पकडीने हलकेच, तीन-चार सेंटीमीटर अंतराने ती आवळा आणि परत दाबून बसवा. वर बाँड ओतला तर पुढच्या वेळी काढताना रबर फाटेल आणि पत्र्याचा रंगही उखडेल.

दुसऱ्या तऱ्हेत रबर थेट पत्र्यावर चिकटवलेलं असतं. त्यासाठी 3एमचं वेदरस्ट्रिप अ‍ॅडहेसिव्ह उत्तम. काळ्याचा नंबर 08008, पिवळ्याचा 08001. काळंच घ्या, कडेला सांडलेलं दिसत नाही. ते नसेल तर फेविबाँड किंवा एसआर जातीचं फेव्हिकॉल चालतं. चूक होते ती घाईत. जुना बाँड पूर्ण खरवडून काढा, दोन्ही बाजूंना अल्कोहोल फिरवा, दोन्ही बाजूंना पातळ थर द्या आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटं, थांबा. मग जोडा आणि जोरात दाबा. ओल्यावर ओलं चिकटवलं की आतलं द्रावक बाहेर पडत नाही, रबर त्याने फुगतं आणि दुसऱ्या दिवशी सगळं सोलून हातात येतं. एका वेळी वीत-दीड वीतच घ्या. बीडिंगच्या नळीला अधूनमधून बारीक भोकं असतात. दार लावताना आतली हवा तिथून निघते. ती बाँडने बुजवली की दार दणका दिल्याशिवाय लागत नाही.

कड फाटली असेल आणि फाट दोन-तीन सेंटीमीटरच्या आत असेल तर ती जुळवता येते. साधा फेव्हिक्विक चालत नाही असं नाही, पण तो काचेसारखा कडक वाळतो आणि कड वाकली की शेजारून नवी फाट पडते. लॉकटाइट 480 हा काळा, रबर मिसळलेला इन्स्टंट बाँड याच कामाचा आहे. फाटलेल्या दोन्ही कडा 180 नंबरच्या पॉलिश पेपरने किंचित खरवडा, अल्कोहोलने पुसा, टाचणीच्या टोकाने बाँड लावा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. बाहेर आलेला ओघळ वाळल्यावर ब्लेडने काढा, तसाच ठेवला तर तो पत्र्याचा रंग घासतो.

चपट्या नळीला एक तात्पुरता उपाय आहे आणि तो चांगला चालतो. नळीच्या जोडावर, म्हणजे उंबरठ्यापाशी, तोंड उघडतं. तिथून मऊ सिलिकॉनची बारीक नळी किंवा फोमची गोल दोरी आत सरकवायची. साबणाचं पाणी लावलं तर सहज जाते. ज्या भागात तपासणीत वर्तमानपत्राची पट्टी सैल निघाली होती तेवढ्याच भागात घाला. पूर्ण दारभर ठासून भरलं तर दार लागणारच नाही, आणि ओढून लावलंत तर लॉकवर ताण येईल.

नवं बीडिंग

पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या गल्ल्यांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांची रबरं अजून मिळतात. जाताना जुन्याचा पाच सेंटीमीटरचा तुकडा कापून न्या. गाडीचं नाव सांगून नव्हे, आडवा छेद जुळवून घ्या. पत्र्याच्या कडेची जाडीही मोजा, कारण जाड पत्र्याचा कणा पातळ कडेवर धरत नाही. दुकानात नळी दाबून सोडा, ती ताबडतोब वर यायला हवी. कड उलट्या दिशेने घट्ट दुमडा. दुमडीवर पांढरी रेघ उमटली तर आत खडूभुकटीचा भरणा आहे, दोन उन्हाळ्यांत त्याला भेगा जातील. दुमडलेलं तसंच राहिलं आणि हाताला प्लास्टिकसारखं थंड लागलं तर ते पीव्हीसी. आतून चांगलं स्पंज ईपीडीएम हाताला थोडं खडबडीत आणि उबदार लागतं.

ऑनलाइन मिळणाऱ्या डी आणि पी आकाराच्या चिकटपट्ट्यांबद्दलही विचारलं जातं. त्या मूळ रबराच्या जागी लावायच्या नाहीत. मूळ रबराच्या जोडीला, दाराच्या बाजूला, आवाज आणि धूळ कमी करण्यासाठी ठीक. फट मोजा आणि पट्टी दार लागल्यावर उंचीच्या तिसऱ्या हिश्शाने दबेल अशी निवडा.

जुनं बीडिंग काढलं की पत्र्याची कड नीट बघा. गंज असेल तर तो फुगून रबराला वर ढकलतो, आणि त्यावर नवं रबर बसवलं तरी वर्षात उचकटतं. तारेच्या ब्रशने उघडं करा, रस्ट कन्व्हर्टर लावा, इपॉक्सी प्रायमर, मग रंग. रंग आतपर्यंत वाळायला दोन-तीन दिवस द्या, बोटाला कोरडा लागला म्हणून घाई नको.

बसवताना जोड उंबरठ्याच्या मध्यावर येईल अशी सुरुवात करा. जोड वर आला की पाणी तिथूनच आत येतं. आधी कोपरे, मग मधले सरळ भाग. रबर कुठेही ताणायचं नाही, उलट थोडं ढकलत बसवा. शेवटी टोकं पाच मिलिमीटर लांब ठेवून कापा आणि एकमेकांत दाबून बसवा. ताणलेलं रबर महिन्याभरात आखडतं आणि जोडात बोट जाईल एवढी फट पडते. नव्या रबराने पहिले काही आठवडे दार जड लागतंच. स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरची लॉक अडकतं ती कडी, लगेच हलवू नका. हलवायची वेळ आलीच तर आधी भोवती पेन्सिलने खूण करा आणि एकावेळी एक मिलिमीटर.

काचेचं रबर

मारुती 800, ओम्नी, पद्मिनी अशा गाड्यांत पुढची काच रबरात बसवलेली असते, चिकटवलेली नसते. ती गळते तेव्हा घरगुती उपाय म्हणून बाथरूमचं व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन पिचकारतात. हे अजिबात करू नका. तो वास अ‍ॅसेटिक आम्लाचा असतो आणि तेच आम्ल रबराखालचा पत्रा गंजवतं. वरून सगळं कोरडं दिसतं आणि खाली चौकटीला भोकं पडतात. योग्य वस्तू म्हणजे न वाळणारा काळा ब्यूटाइल सीलर. आइस्क्रीमच्या काडीने रबराची कड उचला, आतली माती आणि ओल हेअर ड्रायरने घालवा, सीलरचं नोजल आत घालून काच आणि रबर यांमध्ये, मग रबर आणि पत्रा यांमध्ये पातळ रेघ ओढा. बाहेर आलेला सीलर प्लास्टिकच्या पट्टीने काढा.

रबर कडक होऊन भेगाळलं असेल तर काच काढून नवं रबर घालावं लागतं. जुनं वाचवायच्या भानगडीत काच फुटते, म्हणून जुन्याची कड सरळ ब्लेडने कापून काढा. नवं रबर काचेवर चढवून, पत्र्याची कड बसते त्या खाचेत चार-पाच मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी फिरवा, दोन्ही टोकं खाली मध्यावर वीतभर एकावर एक येतील अशी. साबणाचं पाणी लावून काच बाहेरून टेकवा. आतला माणूस दोरी काचेच्या मध्याकडे ओढत जातो, बाहेरचा तिथेच तळहाताने दाबतो. तळहातानेच, मुठीने किंवा हातोडीने नव्हे. ही कामं दोन माणसांची आहेत, आणि शक्यतो दुपारी करा, तेव्हा रबर नरम असतं.

डिकीचं रबर लोक शेवटी बघतात, ते आधी बघा. डिकीच्या फटीतून पाण्याबरोबर सायलेन्सरचा धूरही आत येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागच्या दिव्यांच्या मागचे गास्केटही तेव्हाच तपासा, डिकीत साचणारं पाणी पुष्कळदा तिथलं असतं.

जादा घेऊन ठेवलेलं बीडिंग खिळ्याला टांगू नका, टांगलेल्या जागी कायमचा चिमटा पडतो. शंखजिऱ्याची भुकटी म्हणजे टाल्कम पावडर लावून, सैल गोल वेटोळं करून, काळ्या पिशवीत, जिन्याखाली किंवा पलंगाखाली आडवं ठेवा. इन्व्हर्टर आणि विजेच्या मोटारीपासून लांब, कारण ठिणग्या उडतात तिथे ओझोन तयार होतो आणि न वापरलेल्या रबरालाही तो चिरा पाडतो.